‘सुखी’ हा शब्द चालवा!

मित्रमैत्रिणींनो, शीर्षक वाचून पान उलटू नका. व्हायवाला विचारणार नाहीत याची हमी देते. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना ‘देव शब्द चालव’ म्हणून बाईंनी उभं केलेलं आठवत असेल. देवः देवौ देवाः. आम्ही कॉन्व्हेंटवाले त्यातून सुटलो. आम्हाला मराठी आठवड्याला चार तास, आणि त्यातले दोन तरी ऱ्हस्व-दीर्घाच्या लाल गोळ्यांत जायचे. त्यामुळे कुठलाही शब्द ‘चालवण्याची’ माझी पहिली वेळ इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात आली, आणि तो शब्दही मराठी नव्हता. तो होता ‘ग्लाद’.

माझं आजोळ पावसला. रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून, गोळपवरून एसटी जाते तेच पावस. माझा मामा जहाजावर इंजिनिअर आहे. नॉर्वेच्या आणि डेन्मार्कच्या माणसांबरोबर त्याने बरीच वर्षं काढली आहेत. इंजिनरूममध्ये फावल्या वेळात त्याने एका वहीत त्यांचे शब्द लिहून ठेवले. तेही देवनागरीत, जसे ऐकू आले तसे. सुट्टीत ती वही माझ्या हाती लागली. एका पानावर मध्यभागी मोठ्या अक्षरात एकच शब्द आणि त्याच्या फांद्या होत्या : ग्लाद, ग्लादे, ग्लादेरे, ग्लादेस्त. खाली ‘आनंदी, खूश’ असा अर्थ आणि पुढे प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह का, हे कळायला मला पूर्ण सुट्टी लागली. हा लेख म्हणजे त्या प्रश्नचिन्हाचं जर्नल समजा.

आधी त्या शब्दाची ओळख करून देते. डॅनिश आणि नॉर्वेजियन या सख्ख्या बहिणी. लिहिताना बऱ्याच सारख्या, बोलताना वेगळ्या. इंग्रजीतला ‘ग्लॅड’ आणि हा ‘ग्लाद’ एकाच घराण्यातले. डेन्मार्कमध्ये शेवटचा ‘द’ जीभ दातांना नीट न टेकवता, विरघळल्यासारखा उच्चारतात. नॉर्वेत तो लिहितात पण म्हणतच नाहीत, नुसतं ‘ग्ला’. म्हणजे ‘मुले’ लिहून ‘मुलं’ वाचणाऱ्या आपल्यासारखीच ही माणसं!

आता रूपं. या भाषांत विशेषण नामाप्रमाणे बदलतं. नॉर्वेजियनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत, पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग. डॅनिशमध्ये पहिली दोन एकत्र झाली, म्हणून तिथे दोनच उरली. (हिंदीने नपुंसकलिंग टाकून दिलं, मराठीने आणि गुजरातीने ठेवलं, तसाच हा घरगुती प्रकार.) नियम असा की नपुंसकलिंगी नामाबरोबर विशेषणाला शेवटी ‘त’ लागतो. मोठा म्हणजे ‘स्तोर’. मोठा मुलगा ‘स्तोर’, मोठी मुलगी ‘स्तोर’, पण मोठं मूल म्हटलं की ‘स्तोर्त’. अगदी आपलं मोठा-मोठी-मोठं.

पण ‘ग्लाद’ हा नियम पाळत नाही. खूश मुलगा, खूश मुलगी, खूश मूल, सगळीकडे तो ‘ग्लाद’च. ‘त’ लावून घ्यायला तो तयार नाही. शेजारच्या स्वीडिशमध्ये हाच शब्द गुपचूप नियम पाळतो आणि ‘ग्लात्त’ होतो. या दोघींमध्ये मात्र अपवाद. अनेकवचनात तो ‘ग्लादे’ होतो, आणि ‘तो अमुक खूश मुलगा’ असं बोट दाखवून म्हणायचं असेल तरी ‘ग्लादे’. तुलना करायची तर ‘ग्लादेरे’, म्हणजे जास्त खूश, आणि ‘ग्लादेस्त’, म्हणजे सगळ्यांत खूश. यावरून नाम होतं ‘ग्लेदे’, म्हणजे आनंद. क्रियापदही आहे. एखाद्या गोष्टीची आतुरतेने वाट पाहत असलो की तिथली माणसं ‘मी स्वतःला आनंदवतो आहे’ अशा अर्थाची रचना वापरतात. सबमिशन संपून घरी जायच्या आदल्या रात्री आपल्या विंगमध्ये जे वातावरण असतं, त्याला मराठीत एक सुटसुटीत क्रियापद नाही. त्यांच्याकडे आहे.

इथवर मजेचं होतं. पण मामाच्या वहीत पुढच्याच पानावर दुसरा शब्द होता, ‘ल्यूकेलिग’ (शेवटचा ग लिहायचा, म्हणायचा नाही). अर्थ पुन्हा ‘आनंदी’! मग दोन शब्द कशाला? मामाने फोडून सांगितलं ते असं. ‘ग्लाद’ आत्ताचा असतो. घरून फोन आला, ग्लाद. जेवणात मासा चांगला होता, ग्लाद. ‘ल्यूकेलिग’ मात्र आयुष्याचा हिशेब मांडून म्हणायचा. परीकथेच्या शेवटी राजपुत्र आणि राजकन्या जसे राहतात, तो ‘ल्यूकेलिग’. या शब्दाच्या पोटात ‘ल्यूके’ आहे आणि ‘ल्यूके’ म्हणजे सुख, पण नशीबसुद्धा! ‘उल्यूके’ म्हणजे दुर्दैव किंवा अपघात. डेन्मार्कमध्ये अभिनंदन करताना म्हणतात ‘तिल्ल्यूके’. हान्स क्रिस्तियान आंदेर्सेन, म्हणजे आपण लहानपणी ज्याची ‘कुरूप बदकाचं पिल्लू’ वाचली तो, याची १८३८ सालची एक गोष्ट आहे, ‘ल्यूके’च्या पादत्राणांची. ते जोडे घातले की माणूस जी इच्छा करेल त्या जागी, त्या काळात जाऊन पडतो. आता त्या शीर्षकाचं भाषांतर सुखाचे जोडे करायचं की नशिबाचे? दोन्ही बरोबर आणि दोन्ही अपुरं. इंग्रजीतला ‘हॅपी’ही तसाच, ‘हॅप’ म्हणजे योगायोग यावरून आलेला. उत्तरेकडच्या त्या माणसांना सुख हे वरून पडणारं काहीतरी वाटलं असावं. पडलं तर पडलं.

(व्याकरणवेड्यांसाठी एक गंमत. ‘ल्यूकेलिग’ला डॅनिशमध्ये नपुंसकलिंगी ‘त’ लागतो, नॉर्वेजियनमध्ये लागत नाही. सख्ख्या बहिणी, पण एका ‘त’वरून बिनसलेलं.)

डेन्मार्कचा आणि मराठी व्याकरणाचा एक खराखुरा संबंध आहे, तो इथेच सांगते. विल्यम केरी या मिशनऱ्याने मराठीचं एक व्याकरण इंग्रजीत लिहून १८०५ साली छापलं. मदतीला फोर्ट विल्यम कॉलेजातले वैजनाथ पंडित होते. ते छापलं गेलं बंगालमधल्या श्रीरामपूर इथे, आणि श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होतं. ते इंग्रजांनी विकत घेतलं १८४५ साली. कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून केरी डॅनिश गावात राहिला. म्हणजे मराठी शब्द चालवून दाखवणारं इतकं जुनं छापील पुस्तक डॅनिश झेंड्याखाली तयार झालं. मामाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “बघ, मी वही उगाच नाही भरली.”

आता आपल्याकडे येऊ. सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी मी एका कागदावर ‘सुखी’ चालवायला घेतला आणि दोन मिनिटांत अडकले. सुखी मुलगा. सुखी मुलगी. सुखी मूल. सुखी मुलं. सुखी मुलाला, सुखी मुलींना. काही हलतच नाही! ‘आनंदी’ तसाच. ‘खूश’, ‘प्रसन्न’, ‘समाधानी’, कोणीही जागचं हलत नाही. नियम सोपा आहे. मराठीत शेवटी ‘आ’ असलेली विशेषणं तेवढी बदलतात, चांगला-चांगली-चांगलं. बाकीची अविकारी, म्हणजे न बदलणारी. मराठी व्याकरणावरचा मोठा ग्रंथ, ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’, १९११ साली लिहिला तो मोरो केशव दामले यांनी. हे मालगुंडच्या दामल्यांपैकी, कवी केशवसुतांचे सख्खे भाऊ. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका घरात एक भाऊ मराठी कवितेची जुनी चौकट मोडत होता आणि दुसरा भाषेची चौकट मोजत होता. आपण मालगुंडला केशवसुतांचं स्मारक बघतो, फोटो काढतो, पण व्याकरणवाल्या भावाचं नाव हॉस्टेलमध्ये विचारलंत तर वीस जणींत एकीलाही सांगता यायचं नाही. (मी विचारून पाहिलं.)

तर मराठीत सुखाच्या विशेषणाला रूपं नाहीत म्हणून मी कागद टाकून देणार होते. तेवढ्यात आजी म्हणाली, “विशेषण कशाला धरून बसलीस गो? नाम चालव.” आजी सातवी शिकलेली. पण तिचं म्हणणं बरोबर निघालं. तुम्हीच आठवून पाहा, घरी फोनवर आपण ‘मी आनंदी आहे’ असं कधी म्हणतो का? ते वाक्य इंग्रजीतून आलंय, नाटकातल्यासारखं वाटतं. आपण म्हणतो ‘मजेत आहे’, ‘आनंदात आहे’, ‘सुखात आहे’, ‘खुशीत आहे’. सगळीकडे ‘त’. डॅनिशचा ‘त’ नव्हे, आपला सप्तमीचा, म्हणजे आत असण्याचा. मराठी माणूस सुखाचा गुण अंगावर बाळगत नाही, तो सुखाच्या आत राहतो, खोलीत राहावं तसा. आणि काही घडलं तर? ‘मी आनंदी झाले’ असं नाही, ‘मला आनंद झाला’. इथे वाक्याचा कर्ता आनंद आहे, मी नुसती चतुर्थीतली ‘मला’. ताप येतो, भूक लागते, आठवण येते, तसाच आनंद होतो. मी केलेलं त्यात काही नाही! गोष्टीतला राजा ‘सुखाने’ राज्य करतो तेव्हा तृतीया. विशेषण अविकारी असलं म्हणून काय झालं, सुख विभक्त्यांमधून अख्खं घर फिरून येतं.

अजून एक सापडलं आणि मी स्वतःवरच खूश झाले. तो आनंद, ते सुख, ती खुशी. तीन लिंगं, तीन शब्द! (हर्ष पहिल्या रांगेत, समाधान दुसऱ्या, मजा तिसऱ्या.) यातली खुशी फारसीतून आली, आणि तिच्यामुळे माझ्या शाळेतल्या लाल गोळ्यांचं कोडं सुटलं. ‘सुख’मधला ‘सु’ ऱ्हस्व आणि ‘खूश’मधला ‘खू’ दीर्घ का? कारण ‘सुख’ संस्कृतातून जसाच्या तसा आला, त्याला आपला नियम लागत नाही. ‘खूश’ आपल्यात मिसळला, म्हणून ‘मूल’, ‘खूण’ यांच्यासारखा शेवटून दुसरा उकार दीर्घ. आणि ‘मूल’चं ‘मुलाला’ होताना जसा तो ऱ्हस्व होतो, तसाच ‘खूश’ची ‘खुशी’ होताना. ‘दुःख’मध्ये विसर्ग आहे, पण ‘दुखणे’मध्ये नाही, कारण ते मराठीच्या कारखान्यात तयार झालं. हे एवढं कोणी सहावीत सांगितलं असतं तर!

‘खूश’चा गोतावळाही मोठा. खुशामत, खुशमस्कऱ्या, नाखूश, राजीखुशी. शिवाय ‘खुशाल’. याचे दोन अर्थ. एक ‘सुखरूप’, त्यावरून खुशाली. पूर्वीच्या पत्रांत इकडची खुशाली लिहून तिकडची मागवण्याची रीतच होती, आजीच्या ट्रंकेत मामाला आलेली तशी पत्रं आहेत. दुसरा अर्थ ‘बेधडक’. ‘जायचंय तर खुशाल जा!’ हे वाक्य आई म्हणते तेव्हा त्यात खुशी शोधायला जाऊ नये. तसंच ‘सगळा आनंदीआनंद आहे’ हे वाक्य आमच्या मेसबद्दल म्हटलं की त्यात आनंद शून्य. भाषेचं असं आहे.

पण मग मराठीत बदलणारं, ‘आ’कारान्त, सुखाच्या जवळ जाणारं एकही विशेषण नाही का? आहेत, दोन. पहिलं ‘हसरा’. हसरा मुलगा, हसरी मुलगी, हसरं बाळ, हसऱ्या मुली. त्याचाच भाऊ ‘दुखरा’. दुखरा गुडघा, दुखरी नस, दुखरं बोट. गंमत पाहा, या दोन्ही शब्दांत बाहेरून दिसणारं किंवा हात लावल्यावर कळणारं काहीतरी आहे. ‘हसरी’ म्हणजे जिचं हसू दिसतं ती. आतलं काही तो शब्द सांगत नाही, तसा दावाही करत नाही.

हे मी उगाच ताणत नाहीये. आमच्या मजल्यावर एक मुलगी होती. नाव सांगत नाही, जुन्या मुलींना कळेल. गॅलरीतून जाताना कोणीही ‘काय, कशी आहेस?’ म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर, ‘मस्त!’ वर्षभर मस्त. दुसऱ्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली, सगळे परत आले, ती आली नाही. पंधरा दिवसांनी तिचे वडील सामान न्यायला आले. गादी गुंडाळताना त्यांनी आम्हाला एवढंच विचारलं, “तिला इथे काही त्रास होता का?” कोणाकडेच उत्तर नव्हतं. नंतर मेसमध्ये चर्चा झाली ती एकाच वाक्याची, ‘अगं, ती तर किती आनंदी असायची!’ मला वाटतं इथे शब्द चुकला. ती हसरी होती. मराठीने त्यासाठी वेगळा शब्द ठेवलेला आहे, तीन लिंगांत आणि दोन वचनांत चालणारा. आपण मात्र हसरी, आनंदी, सुखी, खूश हे सगळं एका ‘मस्त’मध्ये कोंबतो आणि पुढे चालू लागतो. ‘मस्त’ हेही फारसीतून आलेलं, मुळात नशेत असलेला. शुद्धीत नसलेल्या माणसाचं विशेषण आपण रोज एकमेकींना सांगतो!

दुसरं विशेषण मी शेवटी सांगणार होते, पण आत्ताच सांगते, कारण ते त्याच मुलीचं आहे. गेल्या महिन्यात तिच्याशी फोनवर बोलले. घराजवळच्याच कॉलेजात बीएस्सीला आहे. कशी आहेस विचारलं तर थोडं थांबून म्हणाली, “आता बरं आहे.” बरा, बरी, बरं, बऱ्या. पूर्ण चालणारं विशेषण. घाटावर ‘बरा’ म्हणजे ठीकठाक, पासिंगपुरता. पण आमच्या आजीकडून सर्वोच्च पावती कोणती मिळते माहीत आहे? ‘बरं वाटलं हो!’ मामा सहा महिन्यांनी बॅग घेऊन दारात उभा राहतो तेव्हा ती ‘मला आनंद झाला’ म्हणत नाही. बरं वाटलं. त्याच्यापलीकडे तिच्याकडे शब्द नाही आणि लागतही नाही. ‘बरा’ हा ‘वर’ म्हणजे निवडलेला, श्रेष्ठ, यावरून आला असं मानतात. कोकणीत त्याचा मान अजून टिकून आहे. गोव्यात आभार मानायचे तर ‘देव बरें करूं’. जसजसे आपण घाट चढतो तसतसा त्याचा भाव उतरत जातो!

आता खास आपल्या शाखांसाठी. ‘सुख’ शब्द मुळात कसला होता? मोनियर विल्यम्स यांच्या १८९९ च्या संस्कृत कोशात एक व्युत्पत्ती दिली आहे. ‘सु’ म्हणजे चांगलं आणि ‘ख’ म्हणजे भोक, छिद्र. कसलं भोक? चाकाच्या मध्याचं, ज्यातून आस जातो! ऋग्वेदात ‘सुख’ हे विशेषण माणसाला नाही तर रथाला लावलेलं आढळतं. सुख रथ म्हणजे न अडखळता, हलकेच चालणारा रथ. (‘सुस्थ’वरून ‘सुख’ झाला असाही दुसरा पर्याय त्याच कोशात आहे. तो खरा असेल कदाचित, पण मेकॅनिकलवाल्यांनी पहिलाच धरावा.) म्हणजे आपण सेकंड इयरला लिमिट्स-फिट्स-टॉलरन्सेसमध्ये जे रट्टा मारतो तेच! भोक लहान, तर आस जाम. भोक मोठं, तर चाक लटपटणार, आस झिजणार. भोक मध्यापासून सरकलेलं, तर प्रत्येक फेऱ्याला धक्का. बैलगाडीच्या तुंब्यात वंगण घालतात ते याच कारणासाठी. सुख म्हणजे बरोबर क्लिअरन्स. आणि लक्षात घ्या, क्लिअरन्स म्हणजे रिकामी जागा! शून्य करून चालत नाही.

आता ‘ग्लाद’ची मुळं बघा. जुन्या नॉर्स भाषेत या शब्दाचा अर्थ चकचकीत, उजळ असाही होता. जर्मनमध्ये याचाच नातेवाईक ‘ग्लात्त’ म्हणजे आजही गुळगुळीत. एकीकडे सरफेस फिनिश, दुसरीकडे बेअरिंग. हजारो मैलांवरच्या, एकमेकींना न विचारता वाढलेल्या दोन भाषांना सुखाबद्दल बोलताना एकच सुचलं, घर्षण कमी! सिव्हिलवाल्यांनी नाराज होऊ नये. ‘प्रसन्न’ तुमचा. संस्कृतात प्रसन्न म्हणजे निवळलेलं, गाळ खाली बसलेलं स्वच्छ पाणी. सेडिमेंटेशन टँक. पाणी प्रसन्न करायला ढवळत नाहीत, थांबतात. ‘समाधान’ म्हणजे नीट एकत्र जुळवून ठेवणं, ते असेंब्लीवाल्यांना द्या. कॉम्प्युटरवाल्यांसाठी काही सापडलं नाही, क्षमस्व.

पावसचा विषय निघाला आणि स्वामी स्वरूपानंदांचं नाव आलं नाही तर आजी मला घरात घेणार नाही. स्वामींचं नाव रामचंद्र विष्णू गोडबोले, जन्म पावसचाच, १९०३ चा. तरुणपणी स्वातंत्र्य चळवळीत होते, १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात होते. पुढे आजारपणानंतर पावसला देसायांच्या ‘अनंत निवास’मध्ये राहिले ते १९७४ मध्ये समाधी घेईपर्यंत, सुमारे चाळीस वर्षं, जवळजवळ एकाच खोलीत. नावातच ‘आनंद’ असलेला हा माणूस. भाषेच्या दृष्टीने मला त्यांचं एक काम मोठं वाटतं. ज्ञानेश्वरी १२९० ची, नऊ हजारांच्या आसपास ओव्या. तिच्यातली रूपं आता आपल्याला चालवता येत नाहीत. तिथे ‘आनंद’ नाही, ‘आनंदु’ आहे. पुल्लिंगी नामाला ‘उ’ लागण्याची तेव्हा रीत होती. सुखी माणूस तिथल्या काळात ‘सुखिया’. स्वामींनी ती अख्खी ज्ञानेश्वरी सोप्या मराठीत अभंगांत उतरवली, ‘अभंग ज्ञानेश्वरी’. आजीसारख्या सातवी शिकलेल्या बाईला ती रोज वाचता येते ते त्यामुळे. मी तिच्या शेजारी बसून दोन्ही पुस्तकं उघडी ठेवून पाहिली. एका पानावरचा ‘उ’ दुसऱ्या पानावर गळून पडलेला दिसतो. सातशे वर्षांत एका शब्दाचं शेपूट गेलं, शब्द राहिला.

डेन्मार्क म्हटलं की पेपरातली ती ‘आनंदी देशांची यादी’ आठवतेच. वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट २०१२ पासून निघतो. त्यात २०१२, २०१३ आणि २०१६ ला डेन्मार्क पहिला, २०१७ ला नॉर्वे, २०१८ पासून २०२५ पर्यंत ओळीने फिनलंड. आपण शंभराच्या खूप खाली, २०२५ ला ११८ वे. मला यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटली. त्या सर्वेक्षणात ‘तुम्ही आनंदी आहात का’ असं विचारतच नाहीत. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी डोळ्यांसमोर आणा, सगळ्यांत वाईट आयुष्य खाली, सगळ्यांत चांगलं वर, आणि आपण कुठल्या पायरीवर ते सांगा, एवढाच प्रश्न. शब्दच टाळलेला! ‘ग्लाद’ की ‘ल्यूकेलिग’, ‘खूश’ की ‘सुखी’, हा घोळ त्यांनाही नको असावा. आजीला मी तो प्रश्न विचारला. ती म्हणाली, “गुडघ्याने हल्ली शिडी चढवत नाही.” दुखरा गुडघा.

राहता राहिलं मामाचं प्रश्नचिन्ह. ते ‘ग्लाद’च्या एका खास वापराशी होतं. नॉर्वेत ‘ग्ला’च्या पुढे ‘इ’ हा छोटा शब्द लावला की अर्थ बदलतो. ‘याइ एर ग्ला इ दाइ’. शब्दशः ‘मी तुझ्यात खूश आहे’. प्रत्यक्षात अर्थ ‘तुझ्यावर माझा जीव आहे’. प्रियकर-प्रेयसीसाठी त्यांच्याकडे वेगळं, वजनदार क्रियापद आहे. हे मात्र बापाने मुलाला, आजीने नातीला, मित्राने मित्राला म्हणायचं. मामाच्या जहाजावरचा एक नॉर्वेजियन म्हातारा दर रविवारी फोन ठेवताना मुलीला हेच म्हणायचा, आणि मामाला ते मराठीत कसं लिहावं कळेना. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ लिहिलं तर सिनेमा होतो. ‘माया’ हा शब्द आहे, पण ‘माझी तुझ्यावर माया आहे’ असं आपल्यात कोणी तोंडाने म्हणत नाही, फारतर दुसऱ्याबद्दल सांगतात. म्हणून प्रश्नचिन्ह.

मी त्या जागी पेन्सिलने लिहून पाहिलं, ‘जेवलीस का?’ मामाने वाचलं, खोडलं नाही. आजीला दाखवलं तर ती म्हणाली, “त्यात काय लिहायचं? ते तर मी रोजच विचारते.”